सीटखालचा पाइप

“धोंडिराम, हा पिवळा दिवा काय म्हणतोय?”

वेणूताई गाडीच्या दारात उभ्या होत्या. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर, नऊवारीचा काठ मुठीत. चष्मा कपाळावर सारून त्या डॅशबोर्डाकडे टक लावून बघत होत्या. सकाळचे सव्वाआठ वाजले असतील. मी नुकतंच दुकान उघडलं होतं आणि कॉम्प्रेसरच्या टाकीला उदबत्ती ओवाळत होतो.

“कुठला दिवा, ताई?”

“हा काय. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मधे उद्गारचिन्ह. परवा सांगलीहून निघाल्यापासून हा माझ्याकडं बघतोय आणि मी त्याच्याकडं. हे बाबालाल म्हणतात, लक्ष देऊ नका. लक्ष देऊ नका म्हटलं की मला चैन पडत नाही.”

बाबालाल मुजावर बॉनेटला टेकून चहा पीत होता. तो म्हणाला, “सवय हाय त्या दिव्याला. इंजनला काय न्हाई, ब्रेकला काय न्हाई. उगंच जळतोय.”

ह्याला आता अकरा वर्षं होतील. वेणूताई घैसास म्हणजे सांगलीच्या कीर्तनकार, वय सत्तरीला टेकलेलं. आमच्या कोनवलीच्या दत्ताच्या देवळात दरवर्षी त्यांची तीन दिवस कीर्तनं होत आणि त्यातलं एकही मी चुकवलं नव्हतं. माझं टायरचं दुकान देवळाला लागूनच. कीर्तनाच्या वेळी शटर खाली. मग दारात ट्रक उभा असो की ट्रकचा मालक.

त्या वर्षी तिसऱ्या दिवसाचं कीर्तन सकाळी दहाला होतं. कारण दोन वाजता ताईंना वर माळमुऱ्याला निघायचं होतं. माळमुरा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची चाळीस घरं. तिथं कीर्तन असं कधी झालंच नव्हतं, रस्ताच नव्हता. त्या उन्हाळ्यात जांभा फोडून एक वाट काढली होती. साधी जीप अर्ध्यात धापा टाकायची, म्हणून ताईंच्या एका खाणमालक भक्तानं आपली गाडी आणि हा बाबालाल ड्रायव्हर म्हणून दिला होता. चारही चाकांना जोर असलेली, पुढं केबिन आणि मागं उघडा हौदा अशी ती दांडगी गाडी. परदेशातून आलेली आणि पुढं कोल्हापुरात तिला आणखी मोठी, खडकावर चालायची चाकं चढवलेली.

“तो दिवा हवेचा आहे, ताई,” मी म्हणालो. “प्रत्येक टायरच्या आत एक सेन्सर असतो. सुपारीएवढा नाही, जरा मोठा. आतली हवा किती ते तो मोजतो आणि गाडीला कळवतो. कमी झाली की दिवा लागतो.”

वेणूताईंनी दुसरा पायही खाली घेतला. आता त्या चाकाकडे बघत होत्या.

“आत? ह्याच्या आत बसून?”

“आतच. डिस्कला, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाला, धरून बसतो.”

“आणि चाक फिरतं तेव्हा?”

“त्याच्याबरोबर फिरतो.”

“चक्कर नाही येत?” असं म्हणून त्याच हसल्या. “आणि सांगतो कसा? वायर तर फिरून फिरून तुटेल.”

“वायर नाही. रेडिओसारखं. आत छोटी बॅटरी असते. गाडी उभी असली की झोपतो, हलली की जागा होतो.”

ताईंनी टायरवर पालथी मूठ दोनदा ठोकली, दार वाजवावं तशी. “अंधारात एकटा बसायचं, गरगर फिरायचं, आणि जे असेल ते खरं सांगायचं. मोठंच व्रत म्हणायचं हे. मग धोंडिराम, आत्ता हा काय सांगतोय? कुठल्या चाकाची हवा कमी आहे?”

मी गेज घेऊन चारही चाकं तपासली. बत्तीस, बत्तीस, साडेएकतीस, बत्तीस.

“हवा ठीक आहे.”

“मग दिवा खोटं बोलतो?”

मी बाबालालकडे बघितलं. त्यानं कप खाली ठेवला, केबिनमध्ये हात घालून एक मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आत फडक्यात गुंडाळलेले चार सेन्सर.

“चाकं बदलली तेव्हा जुन्यातनं काढलं,” तो म्हणाला. “नवीन चाकात बसवायचं राहिलं. आज बसवू, उद्या बसवू. तेव्हापासनं दिवा जळतोय.”

वेणूताई डब्यात डोकावल्या.

“म्हणजे हवा कमी झाली म्हणून नव्हे,” त्या सावकाश म्हणाल्या, “आत सांगणारा कुणी उरला नाही म्हणून दिवा लागलाय.”

“तसंच.”

“बसवून टाक ना, बाबा. निघायच्या आधी. वर जाताना हे चौघं आपापल्या जागी असलेले बरे.” आणि त्या देवळाच्या ओवरीकडे गेल्या. पेटी-तबल्याची जोडी तिथं सूर लावत बसली होती.

मी मनात हिशेब केला. गाडी जॅकवर घ्यायची, चाक उतरवायचं, हवा सोडायची, टायरची कड डिस्कपासून सोडवायची, सेन्सर बसवायचा, पुन्हा सगळं उलट. ह्या आडदांड टायरांची कड म्हणजे पहिलवानाची मिठी. चाकाला एक तास. चार चाकं म्हणजे बारा-साडेबारा. कीर्तन दहाला.

“बाबालाल, दोनच्या ऐवजी चारला निघालास तर?”

“आणि अंधारात त्या वाटंनं वर? ताईंना घेऊन? न्हाई जमायचं, मर्दा.” तो जवळ आला. “आयक. कोल्हापुरात ती हौशी पोरं असत्यात बघ, सुट्टीत गाड्या खडकावर चढवणारी. ती काय करत्यात, म्हाईत हाय? पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेत्यात. चारी सेन्सर आत. दोन्ही तोंडं बंद, एका तोंडाला व्हॉल्व्ह. पंपानं बत्तीस पौंड हवा भरली की ठेवला सीटखाली. सेन्सर म्हणत्यात बत्तीस. गाडी म्हणती बत्तीस. दिवा गप.”

मी हसलो. मग हसायचा थांबलो.

“आणि हवा तर तू आत्ताच बघितलीस,” बाबालाल म्हणाला. “खरीच बत्तीस हाय. खोटं कुठाय त्यात?”

कीर्तन ऐकायचं होतं मला. दुसरं कारण नाही. ताई त्या दिवशी कुठलं आख्यान लावणार, हे कोडं मी आदल्या रात्रीपासून डोक्यात घोळवत होतो. दुकानामागं नळाच्या लाइनीचा उरलेला तुकडा पडला होता. चार इंची, कोपरभर लांब. सेन्सर आत टाकले, टोप्यांना सोल्युशन लावून सुकवलं, भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला, हवा भरली, साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा नाही. काम सुबक झालं होतं, हे कबूल करायला हवं. गोणपाटात गुंडाळून पाइप मागच्या सीटखाली सारला. बाबालालनं गाडी एसटी स्टँडापर्यंत नेऊन आणली. परत आला तेव्हा डॅशबोर्ड काळाभोर.

“गप,” बाबालाल म्हणाला.

नऊ चाळीस झाले होते. मी अंघोळ केली, धोतर नेसलो आणि पहिल्या रांगेतल्या खांबाशी माझ्या जागेवर जाऊन बसलो.

देवळात कीर्तनाआधी अत्तर लावायचा रिवाज आहे. वेणूताई स्वतः पहिल्या रांगेला लावत. माझ्यापाशी आल्या. मी दोन्ही हात पुढं केले.

“विझला दिवा?”

“विझला, ताई.”

“बसवलेस चारही?”

“बसवले.”

त्यांनी माझ्या मनगटाच्या वर अत्तराचं बोट फिरवलं, हात थोडा उलटा केला, आणि म्हणाल्या, “आज अत्तर छान लागतंय. दरवर्षी तुझ्या हाताला रबराचाच वास असतो.” आणि पुढच्याकडे वळल्या.

पूर्वरंगात त्यांनी नामस्मरणाचा विषय लावला होता. आवाज त्या दिवशी स्वच्छ होता, वाटीवर चमचा लागल्यासारखा. मधेच त्यांनी झांजा थांबवल्या.

“सकाळी मला ह्या गावात एक गुरू भेटला,” त्या म्हणाल्या. “तुमचा टायरवाला धोंडिराम. त्यानं मला सांगितलं, गाडीच्या चाकात एक जीव बसवलेला असतो. यंत्रच, पण मी जीव म्हणते. आत काळोख, वर सगळ्या गाडीचा भार. आणि तो मालकाला खरं तेच सांगतो. मी म्हटलं, असा एक माझ्या छातीतही बसवा. बसवतोस ना रे, धोंडिराम?”

देऊळ हसलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

“हे त्यानं आज सकाळी चारही चाकांत बसवले. माझ्यासाठी. कुठं बसतो म्हणालास तो? मी विसरले.”

एरवी अशा वेळी मी फुशारलो असतो. खांबाला हात लावून मी म्हणालो, “आत. डिस्कला धरून.”

“डिस्कला धरून,” त्या म्हणाल्या आणि झांज वाजली.

पूर्वरंग संपला. हार झाला, बुक्का फिरला. पुजाऱ्यानं माझ्या कपाळाला जरा जास्तच बुक्का लावला, आज माझं नाव निघालं होतं म्हणून.

उत्तररंगात त्यांनी एका गुरवाची गोष्ट घेतली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. डोंगरावर देऊळ, खाली गाव. गुरव रोज संध्याकाळी ओढा ओलांडून वर जातो आणि दिवा लावतो. वर दिवा दिसला की गाव दारं लावून निवांत झोपतं. एक दिवस गुरव तापानं फणफणतो. ओढ्याला पूर. शेजारीण गुरविणीला सांगते, अगं, आपल्याच घराच्या आढ्यावर एक कंदील टांग. इतक्या लांबून कुणाला कळतंय? उजेड तो उजेड.

ताई शेजारणीचा आवाज फार गोड काढत. बायका खुदखुदत होत्या.

गुरवीण तेलाचा गडवा डोक्यावर घेते आणि ओढ्यात उतरते. पाणी गुडघ्याला. पाणी कमरेला. पेटी एकेक सूर चढत होती. पाणी छातीला. पाणी गळ्याला...

मी उठलो.

कीर्तन चालू असताना मधून उठत नाहीत. तान्हं पोर रडलं तरी आई त्याला पदराखाली घेते, पण उठत नाही. आणि मी पहिल्या रांगेतून, खांबापासून, शंभर माणसांच्या गुडघ्यांना लागत बाहेर निघालो. मागून कुणीतरी म्हणालं, “काय झालं ह्याला?” ताईंचा सूर मात्र हलला नाही.

गाडी पिंपळाखाली उभी होती. बाबालाल केबिनमध्ये डुलकी काढत होता.

“उतर,” मी म्हणालो. “चाकं उघडायची आहेत.”

“सुटलं कीर्तन?”

“नाही.”

त्यानं माझ्या धोतराकडे बघितलं, कपाळावरच्या बुक्क्याकडे बघितलं. “येडा झालास काय? दिवा गप हाय, हवा बत्तीस हाय. साडेअकरा झाल्यात. माळमुऱ्याची माणसं वाटंकडं डोळं लावून बसली असतील. ताईंनी शब्द दिलाय.”

“शब्द मीही दिलाय. देवळात.”

“तुझं तू बघ. मी हात लावायचा न्हाई.”

मी जॅक लावला. पुढचं डावं चाक आधी घेतलं. नट सोडले, चाक आडवं पाडलं, व्हॉल्व्हमधून हवा सोडली. कड सुटेना. टॉमीच्या लोखंडी दांड्यावर उभा राहून नाचलो तेव्हा कुठं ती सुटली. धोतराचा सोगा काळा झाला. टायर एका बाजूनं उचलून मी आत हात घातला, आणि बोटांना काहीतरी भरभरीत लागलं.

हात बाहेर काढला. तळहातभर काळा चुरा. चहाच्या पत्तीसारखा.

“बाबालाल.”

तो खिडकीतून वाकला. मग उतरला. मग माझ्याशेजारी उकिडवा बसला.

टायरच्या धंद्यात हा चुरा बघितला की बोलायची गरज नसते. हवा नसताना चाक चालवलं की टायरच्या बगला आतून घासतात आणि त्याचं पीठ पडतं. बाहेरून टायर नवरीसारखा. वरून हवा भरा, बत्तीस दाखवील, साठ म्हणालात तर साठ दाखवील. आणि भार पडून एखाद्या खडकावर मुरडला की बगल फाटते. मी आतून बोट फिरवत गेलो. एका जागी रबर सोलवटलं होतं आणि धागे उघडे पडले होते.

“खाणीत मी हवा सोडतो,” बाबालाल म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “बोल्डरावर चढाय बरं पडतं. खाली आलो की भरतो. एकदा... पुढचं डावं भरायचं राहिलं असंल. कोल्हापूरपातुर तसाच आलो असंन.”

“दिवा लागला नाही?”

“तो तर कायमच लागलेला, धोंडिराम. मला कसं कळावं?”

माळमुऱ्याच्या वाटेला चढताना दरी डाव्या हाताला. त्यानं अंगातला शर्ट काढून पिंपळाला अडकवला आणि दुसऱ्या चाकाचे नट सोडायला बसला.

आरतीचा गजर झाला, लोक बाहेर पडले. आमच्याकडे बघत, कुजबुजत, आपापल्या घरी गेले. सगळ्यात शेवटी वेणूताई आल्या. हातात प्रसादाचा द्रोण. दोन चाकं मोकळी पडलेली, गाडी लाकडांवर, आणि मी धोतराचा कासोटा मारून चुऱ्यात बसलेलो.

मी उठून उभा राहिलो. “ताई, मी सकाळी बसवले नव्हते.”

“हं.”

“खोटं बोललो. दोनदा. एकदा भर कीर्तनात.”

“कुठं होते मग ते?”

मी सीटखालून पाइप काढून त्यांच्या हातात दिला. कसा केला, कशासाठी केला, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील ते जन्मभर पुरेल. त्यांनी पाइप कानापाशी नेला आणि हलवला. आत चौघं खडखडले.

“आत्ता काय म्हणतायत हे?”

“सगळं ठीक आहे म्हणतायत. बत्तीस.”

वेणूताई पिंपळाच्या पारावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाबालाललाही हसू फुटलं. मला मात्र फुटेना.

“तुम्हाला कळलं होतं, ताई?”

“पाइपाचं कुठून कळणार? असलं काही असतं हेच मला माहीत नाही. एवढंच कळलं, की चार चाकं उघडून आलेल्या हातांना नुसता अत्तराचा वास येत नाही.”

“मग सगळ्यांसमोर का विचारलंत?”

“तू काय सांगतोस ते बघायचं होतं.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आणि उत्तर ऐकून मग मला माझंच आख्यान सुधरेना. म्हटलं, बाई ओढ्यात बुडते की काय.”

मी त्यांना तो चुरा दाखवला. धागे दाखवले. त्यांनी चष्मा खाली घेऊन दोन्ही बारकाईनं पाहिलं, बोट लावून पाहिलं. हसू गेलं. मग म्हणाल्या, “माळमुऱ्याला निरोप धाडा. येतोय म्हणावं, सहा वाजतील. अंधार झाला तर रात्र तिथंच काढू. आणि तू गाडीत बस आमच्याबरोबर.”

“मी?”

“चाकांतले हे चौघं माझ्या ओळखीचे नाहीत. तू आहेस.”

पाइप करवतीनं कापला. एकेक सेन्सर आपापल्या जागी गेला. फाटका टायर हौद्यात टाकला, त्याचा सेन्सर स्टेपनीत बसवून ती पुढं डावीकडे चढवली. साडेतीनला निघालो. पुढं बाबालाल आणि ताई, मागच्या सीटवर पेटी-तबल्याच्या दोघांत मी अंग चोरून बसलेलो, कारण माझ्या हातांना आता अत्तराचा वास नव्हता. दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला.

चढ सुरू होण्याआधी ओढा लागतो. गोटे डोक्याएवढे. बाबालालनं गाडी थांबवली. “वर खडक हाय. हवा सोडाय लागंल. वर पोचलो की पंपानं भरतो. धोंडिराम, तू मोज.” आम्ही उतरलो. चारही चाकं अठरावर आणली, मी गेज लावून दोनदा खात्री केली, आणि परत बसलो. गाडी पाण्यात शिरली, दहा-बारा हात गेली, आणि डॅशबोर्डावर पिवळा नाल उमटला.

“बोलला,” वेणूताई म्हणाल्या.

“खरं बोलतोय,” बाबालाल म्हणाला. “अठराच हाय.”

पेटीवाल्यानं मागून टाळी वाजवली. धोक्याचा दिवा पेटला म्हणून टाळी वाजवणारी माणसं मी तेव्हाच पाहिली.

ताई सीटवर वळल्या. “काय रे, तू उठलास तेव्हा गुरवीण कुठं होती?”

“ओढ्यात, ताई. पाणी गळ्याला लागलं होतं.”

“आणि तिला तशीच टाकून गेलास.”

“हो.”

“चार तास ती बिचारी उभी आहे, धोंडिराम. डोक्यावर तेलाचा गडवा घेऊन.”

त्यांनी एका हातानं दाराची कडी धरली, दुसऱ्या हातानं डॅशबोर्डावर, त्या दिव्याशेजारीच, ठेका धरला. पेटी हौद्यात बांधलेली होती, म्हणून पेटीवाल्यानं तोंडानंच सूर दिला. बाबालालनं पहिला गिअर टाकला. पाणी चाकांच्या निम्म्यावर आलं, गोटे खाली गुरगुरले, आणि ताईंनी कडवं उचललं, जिथं मी उठलो होतो नेमकं तिथून.

गाडीची पुढची चाकं पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा गुरविणीचा पायही काठाला लागला होता.